कन्सोलला कंपनीचे स्वतःचे गेम ढिगाने लागतात का?

तिसरं_बटण

मंडळी, एका वादात पंच हवे आहेत.

माझा मावसभाऊ गेले कित्येक महिने एकच पालुपद लावून बसलाय, "या पिढीच्या कन्सोलांना गेमच नाहीत." गेम नाहीत म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओंनी केलेले, दुसऱ्या कुठल्या यंत्रावर न मिळणारे, म्हणजे एक्सक्लुझिव्ह, गेम नाहीत. पुरावा म्हणून तो सोनीच्या नॉटी डॉग स्टुडिओचा हिशोब मांडतो. पीएस३ (प्लेस्टेशन ३) वर २००७ मध्ये पहिला अनचार्टेड, २००९ मध्ये दुसरा, २०११ मध्ये तिसरा आणि २०१३ मध्ये द लास्ट ऑफ अस. एका कन्सोलच्या आयुष्यात चार मोठे गेम. पीएस५ तर २०२० च्या नोव्हेंबरात आला, आणि त्यावर या स्टुडिओचं काय आलं? जुन्याच गेमच्या चकचकीत आवृत्त्या. हे बोलताना तो बोटं मोजतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू स्टुडिओ माझ्या मालकीचा आहे.

मला यावर पटकन उत्तर सुचत नाही. पण मी स्वतः गेल्या काही वर्षांत मनापासून काय खेळलो ते आठवलं तर एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३, रेसिडेंट ईव्हिल ४ चा रिमेक आणि दुरुस्त्या होऊन माणसात आल्यावरचा सायबरपंक. यातला एकही सोनीचा नाही, मायक्रोसॉफ्टचा नाही, निन्टेन्डोचा तर नाहीच. तरी माझा वेळ मजेत गेला.

मग कंपनीचे स्वतःचे एक्सक्लुझिव्ह खरंच ढिगाने लागतात, की हा फक्त भांडायला सोपा मुद्दा आहे? पीएस४ बदलायचा विचार चाललाय, म्हणून विचारतोय. कुठला कन्सोल भारी हे युद्ध कृपया इथे नको.

कोपऱ्यातला_कॅम्पर

एक्सक्लुझिव्ह नसतील तर कन्सोल म्हणजे हात बांधलेला पीसी. सरळ पीसी घे, ड्रायव्हर अपडेट करत बस. मावसभावाला माझं मत.

मेमरीकार्ड_स्लॉट_२

मावसभावाचा हिशोब बरोबर आहे. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जरा लांबण लावतो, चालवून घे.

एकाच गेमचं उदाहरण बघ. मारिओ कार्ट ८ हा मे २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलवर आला. निन्टेन्डोचा स्वतःचा, दुसरीकडे कुठेही नाही, आणि गेम म्हणून नाव ठेवायला जागा नाही. वी यू आयुष्यभरात विकला गेला साधारण १ कोटी ३५ लाख, आणि त्यावर हा गेम खपला ८४ लाखांच्या आसपास. म्हणजे कन्सोल असलेल्या दर तिघांतल्या जवळजवळ दोघांनी तो घेतला. एका एक्सक्लुझिव्हने यापेक्षा जास्त काय करायचं? तरी कन्सोल बुडाला तो बुडालाच. मग तोच गेम थोडी भर घालून एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर, आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. रस्ते तेच, कासवाची कवचं तीच. बदललं होतं ते खालचं यंत्र.

आणि वी यू वर निन्टेन्डोचे गेम कमी होते असं कुणी म्हणू नये. सुपर मारिओ ३डी वर्ल्ड, पिकमिन ३, स्प्लाटून, सुपर मारिओ मेकर, डाँकी काँगचा ट्रॉपिकल फ्रीझ. यातले बरेच नंतर स्विचवर पुन्हा विकले गेले आणि लोकांनी नवे म्हणून घेतले. मोजणी हाच निकष असता तर वी यू मजेत जगला असता.

याच्या अगदी उलटं उदाहरण म्हणजे पीएस२. १६ कोटींहून जास्त विक्री, आजवर सगळ्यात जास्त खपलेला घरगुती कन्सोल. त्याचं नाव काढलं की लोकांच्या तोंडी पहिल्यांदा काय येतं? जीटीए सॅन आन्द्रेआस. मेटल गिअर सॉलिड. फायनल फँटसी १०. फुटबॉलवाल्यांसाठी प्रो इव्होल्यूशन सॉकर. हे सगळे परक्या कंपन्यांचे. रेसिडेंट ईव्हिल ४ तर आधी फक्त निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी म्हणून जाहीर झाला होता, २००५ संपायच्या आत तो पीएस२ वरही आला. सोनीचे स्वतःचे चांगले गेम होते की! ग्रॅन टुरिस्मो ३ होता, गॉड ऑफ वॉर होता. इको आणि शॅडो ऑफ द कोलोसस मी आजही कुणालाही हातात देईन. पण पीएस२ घराघरात गेला तो इकोमुळे नाही. तो डीव्हीडी चालवायचा आणि जगातला जवळजवळ प्रत्येक गेम त्यावर यायचा, म्हणून गेला.

मग कंपन्या स्वतःचे स्टुडिओ पोसतात कशाला? यामागे धंद्याचं गणित आहे. परक्या कंपनीच्या प्रत्येक प्रतीमागे कन्सोलवाल्याला वाटा मिळतो, आणि खरी कमाई तिथे असते. कन्सोल पुष्कळदा नाममात्र नफ्यावर, कधी तोटा सोसूनही विकतात. स्वतःच्या गेमचं काम तुला दारातून आत आणायचं. एकदा आत आलास की तू ईए एफसी (पूर्वीचा फिफा) घेशील, कॉल ऑफ ड्यूटी घेशील, आणि प्रत्येक वेळी वाटा वर जाईल. त्यामुळे "किती" हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. आत आणायला एकच पुरला तरी पुरला.

हे गणित उलटं मांडलं की काय होतं ते ३डीओ या कन्सोलने १९९३ मध्ये दाखवलं. कल्पना ऐकायला छान होती. यंत्र पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांनी परवान्यावर बनवायचं आणि मूळ कंपनीने दर गेममागे फक्त ३ डॉलर घ्यायचे, म्हणजे गेमवाले खूश. पण यंत्र बनवणाऱ्याला गेममधून फारसं काही मिळणारच नव्हतं, मग त्याने सगळा नफा यंत्रावरच काढला. किंमत ७०० डॉलरला टेकली. त्या किमतीला ओढून आणेल असा स्वतःचा गेम नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून परकेही थांबेनात.

आता माझं खरं म्हणणं. स्वतःचे गेम चांगल्या दिवसांसाठी लागतच नाहीत. चांगल्या दिवसांत परके स्वतःहून रांग लावतात. स्वतःचे गेम लागतात ते पडत्या काळात.

वी यू वरच बघ. रेमन लेजंड्स हा युबिसॉफ्टचा गेम फेब्रुवारी २०१३ मध्ये फक्त वी यू वर यायचा होता. ऐन वेळी तो सप्टेंबरवर गेला, कारण बाकीच्या कन्सोलांवरही एकदमच आणायचा असं ठरलं. गेम तयार असूनही वी यू वाल्यांनी वाट बघायची! परक्यांचं असंच असतं. त्यांचा दोष नाही, त्यांना पाच ठिकाणी विकायचं असतं. त्यानंतर एकेक करून बाकीचेही निघून गेले. शेवटी टेबलावर कोण उरलं? मारिओ, झेल्डातला लिंक, पिकमिन. त्याआधी एन६४ (निन्टेन्डो ६४) च्या वेळीही हेच. फायनल फँटसीवाली स्क्वेअर सीडीसाठी सोनीकडे गेली, फायनल फँटसी ७ हा १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, आणि निन्टेन्डोकडे गेमची काडतुसं (कार्ट्रिज) आणि मारिओ उरला. एन६४ विकला गेला ३ कोटी २९ लाख, प्लेस्टेशन १० कोटींच्या पुढे. हरले, पण उभे राहिले. स्वतःचं काही नसतं तर ते त्या पिढीतच बाहेर पडले असते.

हे लिहिताना लक्षात आलं की उत्तर तुझ्या प्रश्नाच्या चौपट झालं. जेवून येतो.

निळी_नागमोडी

स्लॉटराव, पडत्या काळाचा मुद्दा ऐकायला छान आहे, पण मग सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलचं काय?

स्वतःच्या गेमांची अशी फळी मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. सोनिक ॲडव्हेंचर, क्रेझी टॅक्सी, शेनम्यू, जेट सेट रेडिओ, स्काइज ऑफ आर्केडिया, फँटसी स्टार ऑनलाइन. शेवटचा तर घरच्या कन्सोलवर फोनच्या तारेतून जगभरच्या लोकांबरोबर खेळायचा, तेही २००० च्या डिसेंबरात. हे सगळं दोन-अडीच वर्षांत. संख्या होती, दर्जा होता, वेळापत्रकही गच्च होतं. परके गेले होते का? इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आलीच नाही, तर सेगाने खेळांचे गेमसुद्धा स्वतःच काढले, आणि चांगले काढले. तुमच्या नियमाप्रमाणे ते तगायला हवे होते. ३१ जानेवारी २००१ ला त्यांनी कन्सोल बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकूण विक्री ९१ लाखांच्या आसपास.

म्हणून माझं मत वेगळं आहे. स्वतःचे गेम ना चांगल्या दिवसांत वाचवतात ना वाईट दिवसांत. ते आठवणीत राहतात, इतकंच. कन्सोल जगतो तो पैशावर आणि आधीच्या कन्सोलने जी पत कमावली तिच्यावर. सेगाने ती पत आधीच घालवली होती. १९९४ मध्ये लोकांना जुन्या कन्सोलला जोडायचा ३२एक्स घ्यायला लावला आणि लगेच सॅटर्न या नव्या कन्सोलसाठी तो वाऱ्यावर सोडला. मग मे १९९५ मध्ये ई३ या गेमच्या प्रदर्शनात जाहीर करून सॅटर्न आधी न सांगता अचानक ३९९ डॉलरला दुकानात आणला, आणि त्याच प्रदर्शनात सोनीने २९९ हा आकडा सांगून विषय संपवला. ड्रीमकास्ट आला तेव्हा लोक थांबले, म्हणाले पीएस२ बघू. तो डीव्हीडी चालवतो म्हणे.

मेमरीकार्ड_स्लॉट_२

नागमोडी, ड्रीमकास्ट येणार हे माहीत होतं, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

तुमचं बरचसं मान्य. पण "तगणं" म्हणजे काय ते ठरवू. एन६४ आणि गेमक्यूब हरत असताना निन्टेन्डोच्या खिशात हँडहेल्डचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रांचा, पैसा येत होता. गेम बॉय, मग पोकेमॉन. सेगाकडे तसं काही नव्हतं. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची संपत्ती कंपनीत ओतली, तेव्हा कुठे कंपनी वाचली. म्हणजे माझं वाक्य असं वाचा: पडत्या काळात स्वतःचे गेम लोकांना धरून ठेवतात, पण तेवढा काळ काढायला पैसा दुसरीकडून यावा लागतो. आणि कन्सोल गेल्यावर सेगा कशावर जगली? त्याच गेमांवर. सोनिक २००१ संपायच्या आत गेमक्यूबवर धावत होता. यंत्र मेलं, गेम राहिले.

पत गमावण्याचा मुद्दा मात्र सोळा आणे. त्याचीच आजची आवृत्ती म्हणजे डिजिटल लायब्ररी. पण त्यावर एक्सबॉक्सवाल्यांनी बोलावं, त्यांना जास्त लागलंय.

हिरवा_एक्स

बोलावलंत म्हणून आलो.

आमच्याकडे या प्रश्नाचा प्रयोग जगातल्या सगळ्यात मोठ्या चेकबुकने करून झालाय. २००१ मध्ये एकट्या हेलोने एक्सबॉक्स उभा केला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये बंजी विकत घेतली होती. एक स्टुडिओ, एक गेम, काम झालं. पुढे २०२१ मध्ये बेथेस्डाची मालक कंपनी ७५० कोटी डॉलरला घेतली. २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड, ६,८०० कोटी डॉलरच्या वर. आता स्वतःचे म्हणावेत असे गेम मोजायला बसलं तर मावसभावाची हाताची बोटं संपून पायाची घ्यावी लागतील. कन्सोल पुढे गेला का? नाही. उलट ते गेम बाहेर पडले. २०२४ मध्ये सी ऑफ थीव्ह्ज, हाय-फाय रश असे चार, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स, सगळे पीएस५ वर. हेलोसुद्धा जाहीर झालाय. सोळा वर्षांचा असताना मला कुणी हे सांगितलं असतं तर मी त्याला मैदानात गाठलं असतं.

यामागचं कारण एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं. त्यांचा रेडफॉल हा गेम आपटला होता त्याच आठवड्यातली गोष्ट. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की उत्तम गेम काढले की लोक प्लेस्टेशन विकून इकडे येतील हे खरं नाही, आणि आम्ही नेमकी तीच पिढी हरलो जिच्यात सगळ्यांनी आपापली डिजिटल लायब्ररी जमवली. लोकांना ते हार मानल्यासारखं वाटलं. मला ते त्यांचं सगळ्यात प्रामाणिक बोलणं वाटतं. डिस्कच्या काळात कन्सोल बदलताना जुन्या डिस्क विकता यायच्या. आता दहा वर्षांची खरेदी एका खात्यात अडकलेली असते, मित्रांची यादीही तिथेच. त्याच्यासमोर बेथेस्डाचा एक स्टारफिल्ड काय करणार, दहा स्टारफिल्ड काय करणार.

स्टारफिल्ड मला आवडला, हे जाता जाता. हसायचं त्यांनी हसा.

बगपकड्या

मी गेम टेस्टिंगमध्ये आहे. कंपनीचं नाव विचारू नका, करारात तोंड बंद आहे. दोन गोष्टी सांगतो ज्या बाहेरून दिसत नाहीत.

पहिली खर्चाची. २०२३ मध्ये अमेरिकेत ॲक्टिव्हिजनच्या खरेदीवरून मायक्रोसॉफ्टचा खटला चालू असताना सोनीची काही कागदपत्रं कोर्टात आली. आकडे काळ्या मार्करने झाकले होते, पण स्कॅनमध्ये खालचं दिसत होतं! द लास्ट ऑफ अस भाग २ चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टचा २१ कोटींच्या वर. एकेक गेम पाच-सहा वर्षांचा. आता तिसरं_बटणच्या भावाला सांगा, पीएस३ च्या काळात दोन वर्षांत एक अनचार्टेड निघायचा तो आज निघू शकत नाही. माणसं आळशी झाली म्हणून नव्हे. आमच्याकडे एका दृश्यातल्या पावसाच्या डबक्यावर जितक्या नोंदी पडतात तितक्या नोंदींमध्ये पूर्वी अख्खी लेव्हल तपासून व्हायची.

इतका पैसा एकाच यंत्रावर वसूल होत नाही. म्हणून होरायझनचा पहिला भाग २०२० मध्ये पीसीवर गेला, मग गॉड ऑफ वॉर, मग स्पायडर-मॅन. हेलडायव्हर्स २ तर पीसीवर पहिल्याच दिवशी आला, आणि २०२५ मध्ये चक्क एक्सबॉक्सवर. म्हणजे "दुसरीकडे न मिळणारा" हा भागच पातळ होत चाललाय. आणि ढिगाने काढायच्या नादात काय होतं त्याला सोनीच्या कॉनकॉर्ड या गेमचं नाव पुरे. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद, लोकांचे पैसे परत. काही आठवड्यांनी स्टुडिओही बंद. त्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यावर मीम बनवणाऱ्यांवर माझा राग आहे.

दुसरी गोष्ट मात्र स्वतःच्या स्टुडिओंच्या बाजूने. पाच यंत्रांवर जाणारा गेम असेल तर एखाद्या यंत्राची खास सोय सगळ्यात आधी कापली जाते. कंट्रोलरची हालचाल ओळखणं, ट्रिगरचा ताण, टचपॅड. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, "हे बाकी चारांवर आहे का?" नाही म्हटलं की विषय संपला. शिवाय प्रत्येक यंत्रवाल्याची तपासणीची यादी वेगळी. सोनीची टीआरसी, निन्टेन्डोची लॉटचेक, मायक्रोसॉफ्टची एक्सआर. गेम एकच, परीक्षा तीन. वेळ तिकडे जातो.

स्वतःच्या स्टुडिओला ही अडचण नसते. एन६४ च्या कंट्रोलरवरची ती छोटी काठी आणि मारिओ ६४ हे एकमेकांना धरून घडले. पीएस५ बरोबर फुकट आलेला ॲस्ट्रोज प्लेरूम खेळा. वाळूत चालणं, काचेवर चालणं, पावसात उभं राहणं, सगळं तळहाताला कळतं. त्यानंतर परक्यांनी तो कंट्रोलर तितका वापरला का? मोजकेच अपवाद सापडतील. आणि त्याच स्टुडिओचा ॲस्ट्रो बॉट २०२४ चा गेम ऑफ द इयर झाला. नॉटी डॉगच्या मानाने ती टीम लहान. मला विचाराल तर कंपनीने वर्षाला एक असा गेम काढावा आणि बाकी आम्हाला झोपू द्यावं.

कोपऱ्यातला_कॅम्पर

बगपकड्या, डबक्याचं वाचून मन भरून आलं. मत मात्र बदललेलं नाही. ॲस्ट्रो पीसीवर नाही, म्हणजे मुद्दा माझाच.

मेमरीकार्ड_स्लॉट_२

कॅम्पर, एक गेम. एकच. मी तेच म्हणतोय.

बगपकड्यांच्या बोलण्यावरून एक राहिलेलं सांगतो: वेळापत्रक. स्विचचं पहिलं वर्ष बघा. २०१७ च्या मार्चमध्ये झेल्डा, एप्रिलमध्ये मारिओ कार्ट, जूनमध्ये आर्म्स, जुलैमध्ये स्प्लाटून २, ऑक्टोबरमध्ये मारिओ ओडिसी, डिसेंबरमध्ये झेनोब्लेड २. यातला आर्म्स आज कुणाला आठवत नाही. पण जूनमध्ये दुकानात गेलेल्या माणसाला "नवीन काय आलंय?" याचं उत्तर मिळालं, एवढं काम त्याने केलं. वी यू ला २०१२ च्या नोव्हेंबरात मारिओ आणि निन्टेन्डो लँड मिळाले, आणि मग पिकमिन येईपर्यंत पुढच्या वर्षीचा उन्हाळा उजाडला. मधल्या महिन्यांत लेगो सिटी सोडला तर सांगण्यासारखं काही नाही. एकूण गेम मोजले तर फार फरक दिसणार नाही. महिने मोजले तर दिसतो.

आणि झेल्डाचं विसरू नका. तो मुळात वी यू साठीच जाहीर झाला होता. शेवटी दोन्हीकडे एकाच दिवशी आला, ३ मार्च २०१७. वी यू वर तो निरोपाचा गेम ठरला, स्विचवर स्वागताचा.

"एक्सक्लुझिव्ह" म्हणून जे काही विकतात ते सगळं एका मापाने मोजू नका, हेही राहिलं. २०१५ मध्ये राइज ऑफ द टूम रेडर वर्षभरासाठी एक्सबॉक्सने अडवून धरला. वर्ष संपलं, तो पीएस४ वर आला, एक्सबॉक्सच्या हाती काय उरलं? याउलट बेयोनेटा २. प्लॅटिनम ही परकी कंपनी, पण पैसे निन्टेन्डोने घातले नसते तर तो गेम झालाच नसता. पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्याचं ताट काही काळ लपवणं. दुसऱ्यात निदान स्वयंपाक तरी होतो. मला दुसऱ्या प्रकारचा एक गेम पहिल्या प्रकारच्या पाचांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, मग स्टुडिओ कुणाच्या का मालकीचा असेना.

निळी_नागमोडी

महिन्यांचा मुद्दा घेतला. तरी ड्रीमकास्टचे महिनेही भरलेले होते, हे नोंदवून ठेवते.

आर्म्स मला आठवतो, बरं का. चांगला होता.

तिसरं_बटण

बापरे. पंच मागितले होते, खंडपीठ बसलं.

हा धागा मावसभावाला पाठवला. त्याने सगळं वाचलं आणि फक्त बगपकड्यांचा कोर्टाचा भाग कॉपी करून पाठवला, खाली एक शब्द, "बघ." ते त्याच्या बाजूचं आहे की माझ्या, हे मला कळलेलं नाही. त्यालाही विचारलं नाही.

मला पटलेलं सांगतो. मी खेळलेले चारही गेम एकाहून जास्त यंत्रांवर मिळतात हे खरं, तरी पीएस४ मी मुळात ब्लडबोर्नसाठी घेतला होता. तो फ्रॉमसॉफ्टवेअरने केला, पैसे आणि नाव सोनीचं. म्हणजे दारातून आत आणणारा माझाही एकच होता, बाकी सगळं नंतर आलं. आणि आता हलायचं म्हटलं तर हिरवा_एक्स म्हणतात तसं खातं आडवं येतं. निम्मे गेम तिथे आहेत. उरलेले निम्मे डिस्कवर, कपाटात. त्यामुळे पीएस५ कडेच कल आहे, एक्सक्लुझिव्ह किती आले ते न मोजता.

नागमोडीताई, ड्रीमकास्टचे नक्की कुठले गेम आज दुसरीकडे खेळता येतात? शेनम्यू बघायचाय.

निळी_नागमोडी

शेनम्यूचे पहिले दोन भाग एकत्र २०१८ मध्ये पीएस४ वर आलेत. पहिला भाग संथ आहे. फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी लागेपर्यंत धीर धरा, मग सोडवणार नाही.

मेमरीकार्ड_स्लॉट_२

निम्मे डिस्कवर आहेत म्हणालास म्हणून सांगतो, घेताना मॉडेल नीट बघून घे. डिजिटल एडिशनला डिस्कचा ड्राइव्ह नसतो. २०२३ च्या सडपातळ मॉडेलच्या डिजिटल आवृत्तीला तो वेगळा घेऊन जोडता येतो, २०२० च्या जुन्या डिजिटलला नाही. पीएस५ प्रोमध्येही ड्राइव्ह येत नाही, तो वेगळाच घ्यावा लागतो. नव्याने जोडलेला ड्राइव्ह पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट लागतं, तेही लक्षात ठेव. बाकी पीएस४ च्या डिस्क जवळजवळ सगळ्या चालतात, ब्लडबोर्नसकट. तो अजून सेकंदाला तीस फ्रेम्सवरच आहे, त्याबद्दल वेगळा धागा काढ, मी येतो.